आंबा कुणी खाल्ला?

आठवीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला गाढ झोपेतून उठवा आणि त्याच्या कानात नुसतं 'रामा ईट्स अ मँगो' म्हणा. तो डोळेही न उघडता 'अ मँगो इज ईटन बाय रामा' म्हणेल आणि कुशीवर वळेल. पुढच्या आयुष्यात त्याला इंग्रजीत रजेचा अर्ज धड लिहिता येवो न येवो, हा आंबा त्याच्या अंगी लागलेला असतो. मग मांजराने उंदीर मारला, शिपायाने चोर पकडला, रामाने रावण मारला. आम्ही दरवेळी वाक्य उलटं केलं, मध्ये 'वॉज' घातलं, शेवटी 'बाय' लावलं आणि मार्क घेतले. 'रामाकडून आंबा खाल्ला जातो' असं कोकणातलं एखादं पोर खरोखर बोललं असतं, तर आजीने आधी त्याची दृष्ट काढली असती. पण हे इंग्रजी होतं. इंग्रजीत आंबे असेच खाल्ले जात असणार, असा आमचा विश्वास होता.

या कर्मणी प्रयोगाचं आमचं पीठ म्हणजे रेन अँड मार्टिन. हे व्याकरण १९३५ सालचं. त्यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. हे गृहस्थ ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पण साहेबांची खरी कीर्ती व्याकरणाची नाही. १९२४ मध्ये त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. तिच्यात घरातला एक मौल्यवान नीलम नाहीसा होतो. चोर कोण ते कळायच्या आत एक भाऊ आळ स्वतःवर घेऊन घर सोडतो, त्याच्यामागून दुसरा जातो आणि मग तिसरा. तिघेही थेट फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात. 'नीलम चोरला गेला आहे' एवढं म्हणून घरी निवांत बसायची युक्ती त्या तिघांपैकी एकालाही सुचत नाही. साहेबांनी ती कादंबरीत वापरली नाही, आमच्यासाठी राखून ठेवली.

शाळेने मात्र आम्हाला एका बाबतीत फसवलं. 'बाय' लावायलाच पाहिजे, नाहीतर अर्धा मार्क कापला जाईल, असं बजावलं होतं. पुढे इंग्रजीच्या खऱ्या जंगलात शिरल्यावर दिसलं की 'बाय' हा दुर्मीळ प्राणी आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्रजीचं जे जाडजूड व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यात हा हिशेब मांडलेला आहे. कर्मणी प्रयोगाच्या पाच वाक्यांपैकी साधारण चारांत कर्त्याचा उल्लेखच नसतो. म्हणजे पाच आंब्यांपैकी चार कुणी खाल्ले ते इंग्रजी सांगत नाही. शाळेत आम्ही जिवाच्या आकांताने 'बाय' लावायला शिकलो आणि नोकरीत त्याहून जास्त कष्टाने तो गाळायला शिकलो. बढत्या दुसऱ्या विद्येवर मिळाल्या.

गाळलेला कर्ता ओळखायची एक झकास युक्ती २०१२ च्या सुमारास एका अमेरिकन प्राध्यापिकेने सांगितली. वाक्याच्या शेवटी 'बाय झॉम्बीज' जोडून बघा. वाक्य जमलं, तर तो कर्मणी प्रयोग. आपल्याकडे झॉम्बींची टंचाई आहे, पण मुंजे मुबलक आहेत. 'द फाइल हॅज बीन मिसप्लेस्ड', मुंज्याकडून. 'द रोड हॅज बीन डग अप', मुंज्याकडून. 'द टेंडर वॉज अवॉर्डेड', मुंज्याकडून. वाक्य व्याकरणात तर बसतंच, वर मजकुराचा उलगडाही होतो. शहरातले एवढे पिंपळ रस्तारुंदीत तोडले, तेव्हा त्यांच्यावरचे मुंजे गेले कुठे, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. ते कार्यालयांत रुजू झाले.

या इंग्रजीचा मराठी माणसाच्या घरापर्यंत पोचलेला उत्तम नमुना म्हणजे हाउसिंग सोसायटीची नोटीस. सोसायटी पुण्यातली असो की डोंबिवलीतली, सगळे सभासद मराठी असोत, सेक्रेटरीकाकांनी हयात मराठी शाळेत घालवलेली असो, नोटीस सुरू होणार ती 'इट हॅज बीन ऑब्झर्व्हड दॅट' अशीच. असं निदर्शनास आलं आहे की काही सभासद कुंड्यांना पाणी घालताना खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार करत नाहीत. कुणाच्या निदर्शनास? सेक्रेटरीकाकांच्या. कधी? सकाळी चहाचा कप घेऊन ते गॅलरीत उभे असतात तेव्हा. काही सभासद म्हणजे कोण? ३०४ नंबरवाले. भिजले कुणाचे कपडे? काकांचे. हे सगळं अख्ख्या इमारतीला पाठ आहे. तरी नोटिशीत काका नाहीत, ३०४ नाही आणि काकांचा लेंगाही नाही. आहे ते केवळ निदर्शन, आकाशवाणीसारखं वरून आलेलं.

हेच मराठीत लिहायचं तर 'अहो ३०४, तुमच्या जास्वंदीचं पाणी माझ्या लेंग्यावर पडतंय' असं लिहावं लागेल. मग ३०४ वाले दार वाजवणार, काकूंना मध्ये पडावं लागणार आणि गणपतीची वर्गणी बुडणार. इंग्रजीने हे सगळं टळतं. ३०४ वाले तितक्याच सभ्यपणे खाली लिहून पाठवतात, 'द सेम हॅज बीन नोटेड.' नोंद घेण्यात आली आहे. त्या संध्याकाळी दोघे जिन्यात भेटतात. "काय काका, जेवण झालं?" "झालं झालं. तुमचं?" भांडण दोन अनामिक क्रियापदांत झालं, माणसं त्यात पडलीच नाहीत. या प्रयोगाचे हे उपकार नाकारता येणार नाहीत.

पण त्याच फलकावर, त्याच सहीची दुसरी नोटीस असते. ती जरा लक्ष देऊन वाचावी. 'द लिफ्ट इज नॉट टू बी यूज्ड बाय मेडसर्व्हंट्स अँड डिलिव्हरी बॉईज.' आला की नाही 'बाय'? इतका वेळ दडून बसलेला 'बाय' इथे छाती पुढे काढून उभा आहे. इथे 'सम पर्सन्स' नाहीत, निदर्शन नाही, संकोच नाही. वार्षिक सभेत ज्यांना मत आहे त्यांच्या बाबतीत कर्ता गाळायचा, ज्यांना मत नाही त्यांच्या बाबतीत ठळक टायपात छापायचा. पाचातल्या ज्या एका वाक्यात 'बाय' उरतो, तो कुणाच्या वाट्याला येतो याचा इथे बोध होतो. व्याकरणाच्या पुस्तकात न सापडणारा नियम असा की 'बाय' पाण्यासारखा असतो, तो उताराकडेच वाहतो.

हा नियम अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही लागू पडतो. युलिसिस ग्रँट हे यादवी युद्धातले विजयी सेनापती. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या कारकिर्दीत भानगडी पुष्कळ झाल्या. ५ डिसेंबर १८७६ रोजी काँग्रेसला पाठवलेल्या शेवटच्या वार्षिक संदेशात त्यांनी चुका झाल्या आहेत हे कबूल केलं. 'मिस्टेक्स हॅव बीन मेड.' रणांगणावर ज्याने कधी कर्ता लपवला नाही त्याने कागदावर लपवला. आणि पुढे लगेच खुलासा केला की त्या चुका बऱ्याचदा हाताखालच्या माणसांच्या निवडीत झाल्या. बघा, चूक केली कुणी ते अधांतरी, पण हाताखालची माणसं मात्र वाक्यात हजर. उतार सापडला.

२७ जानेवारी १९८७ रोजी रोनाल्ड रेगन इराणला विकलेल्या शस्त्रांविषयी काँग्रेससमोर बोलले, तेव्हा गंभीर चुका 'झाल्या' होत्या. सिनेमातला माणूस असल्यामुळे त्यांनी 'सीरियस' हे विशेषण घातलं, कर्ता नाही. १९९७ मध्ये बिल क्लिंटन यांच्या पक्षाच्या निधीवरून ओरड झाली, तेव्हाही चुका झाल्याच होत्या. क्लिंटन वकील. त्यांनी 'बाय' लावला. पण पुढे काय लावलं? 'पीपल'. ज्या लोकांनी त्या जाणूनबुजून किंवा नकळत केल्या, त्या लोकांकडून. जगातली एकूण एक चूक या वर्णनात बसते आणि एकही माणूस सापडत नाही. असा 'बाय' लावण्यापेक्षा मुंज्या परवडला. विल्यम श्नायडर या राजकीय विश्लेषकाने या क्रियापदाला नवा काळच बहाल केला, 'पास्ट एक्झॉनरेटिव्ह'. आपण त्याला निर्दोष भूतकाळ म्हणू. साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ, पूर्ण भूतकाळ आणि निर्दोष भूतकाळ. २००७ मध्ये कॅरल टॅव्हरिस आणि एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी माणसं स्वतःची समजूत कशी घालतात यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'मिस्टेक्स वेअर मेड, बट नॉट बाय मी'. तिथे 'बाय' आहे, तो फक्त नाही म्हणण्यापुरता.

आपल्या सरकारी इंग्रजीने मात्र या विद्येत राष्ट्राध्यक्षांनाही मागे टाकलं आहे. तिथे 'मी' लिहूनही कर्ता गाळता येतो. दिल्लीच्या सचिवालयातून निघालेलं पत्र परंपरेने 'आय ॲम डायरेक्टेड टू से' असं सुरू होतं. मला असं म्हणण्याचे निर्देश आहेत. खाली सही आहे, हुद्दा आहे, फोन नंबर आहे, पण बोलणारा तो नाहीच. तो फक्त बोलवला गेला आहे. कुणाकडून, ते पत्रात नाही. कुठे शोधून काढलंच तर निघतो 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी', म्हणजे सक्षम प्राधिकारी. या गृहस्थांना आजवर कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. ते मंजुरी देतात, नामंजुरी देतात, रजेवर जात नाहीत आणि निवृत्तही होत नाहीत. त्यांच्या सक्षमतेचा पुरावा एवढाच की ते सापडत नाहीत.

मंत्रालयातल्या मराठीने हे इंग्रजी अंगड्या-टोपड्यासकट दत्तक घेतलं. 'अमुक बाब शासनाच्या विचाराधीन होती. त्यानुसार पुढीलप्रमाणे निर्णय घेण्यात येत आहे.' विचार कुणी केला, निर्णय कुणी घेतला, हे विचारायची सोय नाही. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतं. त्याला संविधानाच्या १६६ व्या अनुच्छेदाचा भक्कम आधार आहे. तरी कुठल्याशा तालुक्यात अंगणवाडीच्या पत्र्यांना मंजुरी देताना मलबार हिलवरच्या राज्यपालांना मध्ये घातल्याचं वाचून त्यांची दया येते. घरगुती मराठी काही साधी नाही. दूध उतू जातं, कप फुटतो, किल्ली हरवते, आपोआप. फरक एवढाच की घरात हे वाक्य पुरं व्हायच्या आत आतून 'कुणी केलं?' असा आवाज येतो. मंत्रालयात आतून आवाज येत नाही.

बँकेचे मेसेज या दृष्टीने वाचण्यासारखे असतात. देणं असेल तेव्हा 'वी आर डिलायटेड टू ऑफर यू'. आम्ही, आम्हाला आनंद, आमच्याकडून तुम्हाला. घेणं असेल तेव्हा 'चार्जेस हॅव बीन लेव्हीड'. ते लागले. आम्ही नाही, तेच लागले, थंडी वाजावी तसे. दोन मेसेज एकाच दिवशी, एकाच नंबरवरून येतात. पहिल्यात बँक सहकुटुंब दारात उभी, दुसऱ्यात घराला कुलूप. आणि हप्ता आपल्याकडून थकला की बघा, 'यू हॅव फेल्ड टू पे'. तिथे कर्मणी प्रयोग आठवत नाही. तिथे कर्ता आपण, रोखठोक, वाक्याच्या पहिल्याच जागेवर.

मग हा प्रयोगच हद्दपार करावा का? तसा फतवा अनेकांनी काढून पाहिला. जॉर्ज ऑर्वेलने एप्रिल १९४६ मध्ये राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात सहा नियम दिले. चौथा असा की कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी कधीही वापरू नका. 'कधीही' हा शब्द त्याचाच. त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात 'इट इज जनरली अझ्यूम्ड' आहे. असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मेरियम-वेबस्टरच्या वापरकोशकारांनी पुढे मोजदाद केली, तेव्हा निबंधात कर्मणी प्रयोगाचं प्रमाण वीस टक्क्यांच्या थोडं वरच निघालं. साध्या मासिकांत इतकं सापडत नाही.

अमेरिकेत हाच फतवा स्ट्रंक आणि व्हाइट यांचा. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये शैलीवर एक छोटं पुस्तक काढलं आणि त्यांचा विद्यार्थी ई. बी. व्हाइट याने १९५९ मध्ये ते वाढवलं. कोळ्याची आणि डुकराची ती लोभस मुलांची कादंबरी लिहिणारा हाच व्हाइट. पुस्तकात कर्तरी वापरा म्हणून सांगणाऱ्या भागातच एक वाक्य 'कॅन बी मेड' असं कर्मणी आहे. वर, चुकीच्या वाक्यांचे म्हणून चार नमुने दिले आहेत. २००९ मध्ये पुस्तकाची पन्नाशी साजरी होत असताना जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञाने ते नमुने तपासले. तीन कर्मणी नाहीतच. चौथ्यात पहाटे कोंबडा आरवल्याचं ऐकू येतं, तेवढं एक खरं. बाकी तिघांना विनाकारण शिक्षा झाली. कुणाकडून, ते मात्र मुखपृष्ठावर छापलेलं आहे, ही त्यातल्या त्यात सचोटी.

खरं तर बिचाऱ्या प्रयोगाचा दोष नाही. पाकीट मारलं जातं तेव्हा चोराचं नाव ठाऊक नसतं. पेशंटला दाखल केलं जातं तेव्हा कुणी केलं यापेक्षा त्याचा ताप किती ते महत्त्वाचं असतं. विज्ञानाने तर सगळा संसारच या प्रयोगावर थाटला. न्यूटनने १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला प्रकाश आणि रंगांविषयी लिहिलं, तेव्हा लोलक मी आणला, खोली मी अंधारी केली, अशा थाटात लिहिलं. पुढे शास्त्रज्ञ विनयी झाले आणि 'मी' उडाला. तो विनय आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलपर्यंत पोचला. 'द सोल्युशन वॉज हीटेड. द रीडिंग्ज वेअर टेकन.' रीडिंग्ज खरोखरच घेतली गेली होती, शेजारच्या बाकावरच्या जर्नलमधून. तपासनीसांना शंका येई, पण वाक्यात खोटं काही नसे.

इंग्रजीत प्रामाणिक कर्मणी प्रयोग पाहायचा असेल तर क्रिकेटचा धावफलक बघावा. तिथे कुणी नुसता 'आऊट झाला' असं म्हणून सुटका नाही. झेल कुणी घेतला, चेंडू कुणाचा, यष्टिचीत कुणी केलं, सगळं नावानिशी. १९७९ च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत 'लिली कॉट विली बोल्ड डिली' अशी नोंद झाली आणि यमकासह इतिहासात गेली. जगातल्या दप्तरांत हे एकच असं की जिथे बाद होणारा आणि करणारा शेजारी शेजारी नांदतात. अपवाद धावबादचा. 'रन आऊट'च्या पुढे पूर्वी काहीच नसे, हल्ली क्षेत्ररक्षकाचं नाव देतात. पण अर्ध्या खेळपट्टीपर्यंत बोलावून 'नो, नो' म्हणून परत पाठवणारा जो जोडीदार, त्याचं नाव अजून नाही. तो दुसऱ्या टोकाला बॅट टेकवून नाबाद उभा असतो. बहुतेक वेळा तो कप्तानही असतो.

तेव्हा प्रयोग राहू द्यावा आणि गाळलेला कर्ता परत मागावा. त्यासाठी शाळेने एक हत्यार दिलं होतं आणि आपण त्याला हसलो होतो. 'हू ब्रोक द विंडो?' याचं उलटं करा, असा प्रश्न असे. उत्तर, 'बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?' तेव्हा वाटे, असं कुठला इंग्रज बोलत असेल? आता कळतं, की 'बाय हूम' ही बोलायची गोष्ट नव्हती, अर्जात लिहायची होती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती सोय केली आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि विचारायचं, की रस्ता खोदला गेला तो कुणाकडून, मंजुरी दिली गेली ती कुणाकडून, फाइल हरवली गेली ती कुणाकडून. उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे.

उत्तर येतं. बहुधा असं, की आपला अर्ज कलम ६(३) अन्वये हस्तांतरित करण्यात आला आहे. तो ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडून कळवण्यात येतं, की सदर निर्णय सक्षम प्राधिकाऱ्यांच्या स्तरावर घेण्यात आला होता, तथापि नस्ती कनिष्ठ लिपिकाकडून गहाळ झाली. निर्णयाला 'बाय' नाही, गहाळ होण्याला आहे. उताराचा नियम मराठीतही पाळला गेला. मग अपील करायचं. अपिलासाठी कागद घ्यायचा आणि लक्षात ठेवायचं, की या सगळ्या पत्रव्यवहारात पूर्ण नाव, पूर्ण पत्ता आणि स्वच्छ अक्षरात सही असलेला कर्ता एकच असावा लागतो. तो म्हणजे अर्जदार.